हर्णै आणि आसपासच्या किनाऱ्यावर टपाल उशिरा का येतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न हर्णै, पाजपंढरी, मुरूड आणि दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवरच्या घरांतून पुन्हा पुन्हा येतात. तितकेच मुंबई-पुण्यात राहून गावी टपाल पाठवणाऱ्यांकडूनही येतात. उत्तरं सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत. जिथे एक गोष्ट दुसरीला जोडलेली आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुंबईहून केलेलं स्पीड पोस्ट हर्णैला किती दिवसांत मिळायला हवं?

टपाल खात्याचं स्पीड पोस्टचं मानक एकाच राज्यात १ ते ४ दिवसांचं आहे आणि उरलेल्या देशासाठी ४ ते ५ दिवसांचं. किनाऱ्यावरच्या गावासाठी यात एक-दोन दिवस वाढवूनच हिशेब करावा. सोमवारी संध्याकाळी टपालाची थैली बंद झाल्यावर खिडकीवर दिलेलं पाकीट प्रत्यक्षात मंगळवारीच निघतं. मध्ये रविवार किंवा सुटी आली की तो दिवस गेलाच. म्हणून तारखेला बांधलेला कागद असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी दुपारच्या आत टाकावा. शुक्रवारी टाकलेलं पाकीट रविवार वाटेत घालवतं.

२. दापोलीत पत्र आल्याचं दिसतं. हर्णै तिथून पंधरा किलोमीटर. मग आणखी दोन दिवस का लागतात?

किनाऱ्यावरचं सगळं टपाल आधी आत जातं आणि मग खाली उतरतं. मोठ्या वर्गीकरण केंद्रातून कोकणची थैली निघते, तालुक्याला दापोलीत उघडते, तिथे गावागावांचं टपाल वेगळं होतं आणि पुढची थैली हर्णैला येते. वाडीवर शाखा डाकघर असेल तर हर्णैहून आणखी एक थैली. प्रत्येक ठिकाणी थैली उघडण्याची आणि पुढची बंद करण्याची वेळ ठरलेली असते. महामार्गावर खोळंबलेली गाडी दापोलीला तासभर उशिरा पोचली, तर हर्णैची सकाळची थैली तोवर निघून गेलेली असते. तासाभराचा उशीर इथे पुऱ्या दिवसाचा होतो.

दुसरं कारण शाखा डाकघराच्या वेळेचं. तिथलं काम ग्रामीण डाकसेवकांकडे असतं आणि त्यांची कामाची वेळ रोज चार ते पाच तासांची. थैली उशिरा आली की त्या दिवशीचा बटवडा दुसऱ्या दिवसावर जातो. याला डाकसेवकाची हयगय समजू नये. एकच माणूस दोन-तीन वाड्या, चढउताराच्या पाणंदी आणि खिडकीवरचं काम सांभाळत असतो.

तिसरं कारण भूगोल. दापोलीला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन खेड, सुमारे तीस किलोमीटरवर. आणि किनाऱ्यावरची गावं खाड्यांनी तोडलेली आहेत. दाभोळहून समोरचा धोपावे डोळ्यांना दिसतो, माणसं फेरीबोटीनं पलीकडे जातात, पण रस्त्याने गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा घालावा लागतो.

३. पिनकोड नक्की कोणता लिहू? दापोलीचा लिहिला तर चालतो का?

हर्णैचा ४१५७१३, दापोलीचा ४१५७१२, आंजर्ल्याचा ४१५७१४. एका आकड्याचा फरक, पण थैली वेगळी. दापोलीचा पिन घातला तर पाकीट दापोलीच्या पोस्टमनच्या ढिगात पडतं, त्याला पत्ता सापडत नाही, तो ते वेगळं ठेवतो आणि मग ते हर्णैला वळतं. यात एक ते तीन दिवस जातात.

दुसरी चूक जास्त महाग पडते. ४१५ हे सुरुवातीचे तीन आकडे रत्नागिरी जिल्ह्यापुरते नाहीत, सातारा जिल्ह्यातही तेच आहेत. साताऱ्याचा पिन ४१५००१, कराडचा ४१५११०. म्हणजे ४१५७१३ मधल्या ७ च्या जागी १ वाचला गेला, तर पत्र सह्याद्रीच्या पलीकडे कराडच्या बाजूला जातं. हाताने लिहिताना ७ आणि १ स्वच्छ वेगळे काढा. पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांचा गोंधळ सुटावा हाच त्या सहा आकड्यांचा हेतू होता, आणि आपल्या किनाऱ्याला त्याची गरज अजून तितकीच आहे.

४. मुरूडला पाठवलेलं पत्र भलत्याच मुरूडला गेलं. असं होऊ नये म्हणून काय करावं?

महाराष्ट्रात नेहमी घोटाळा होणारी तीन मुरूड आहेत: दापोली तालुक्यातलं (४१५७१३), रायगडमधलं मुरूड-जंजिरा (४०२४०१) आणि लातूर जिल्ह्यातलं (४१३५१०). ऑनलाइन फॉर्ममध्ये गावाचं नाव टाकलं की यादीतलं पहिलं मुरूड आपोआप बसतं आणि जिल्हा बदलतो. पाठवण्याआधी फॉर्ममधला जिल्हा आणि पिन दोन्ही जुळतात का, ते डोळ्यांनी पाहा. पत्त्यात ‘ता. दापोली, जि. रत्नागिरी’ हे शब्द गाळू नका. पिन चुकला तरी या चार शब्दांवरून वर्गीकरण करणारा माणूस पाकीट योग्य थैलीत टाकू शकतो.

५. आमच्या घराला नंबरच नाही. पत्ता कसा लिहायचा?

उशिराचं सर्वांत मोठं कारण इथेच आहे, आणि ते दूर करणं आपल्या हातात आहे. ‘मु. पो. हर्णै’ एवढ्यावर पूर्वी पत्र यायचं, कारण पोस्टमन वर्षानुवर्षं तोच असे. आता बदलीवरचा माणूस येतो, हंगामी माणूस येतो. पाजपंढरीसारख्या दाट वस्तीत एका आडनावाची कितीतरी घरं, आणि त्यात एकाच नावाचे दोघं-तिघं सहज असतात.

पत्ता या क्रमाने लिहा: पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक (घरपट्टीच्या पावतीवर असतो, बहुतेकांना तो माहीतच नसतो), वाडी किंवा आळी, ओळखीची खूण, जशी देऊळ, शाळा, बंदराकडचा रस्ता, मग मु. पो., तालुका, जिल्हा, पिन. आणि शेवटी मोबाइल नंबर. नंबर सर्वांत महत्त्वाचा. घर सापडलं नाही तर पोस्टमन फोन करतो, आणि तो फोन लागला तर पत्र परत जाण्याची वेळ येत नाही. मुंबईतल्या मुलाचा नंबर देण्यापेक्षा गावात असलेल्या माणसाचा द्या.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत मिळतो. घराच्या पायरीवर उभं राहून मोबाइलवर तो काढता येतो. पत्त्यात तो जरूर लिहा, पण पिनकोडच्या ऐवजी नव्हे. वर्गीकरण अजून पिनवरच होतं.

६. ट्रॅकिंग तीन दिवस एकाच जागी अडकलं आहे. पत्र हरवलं का?

बहुतेक वेळा नाही. ट्रॅकिंगमध्ये पाकीट दिसत नाही, पाकिटाचं स्कॅनिंग दिसतं. थैली बंद असताना आतल्या पाकिटांची नोंद हलत नाही. शाखेत नेटवर्क नसेल तर यंत्रावरची नोंद रेंज आल्यावर वर जाते, म्हणून कधी पत्र हातात पडल्यावर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ झळकतं. ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभर नवी संगणकप्रणाली बसवली गेली, तेव्हाही नोंदी काही दिवस मागे पडल्या होत्या.

शेवटची नोंद दापोलीची असेल तर दोन कामाचे दिवस थांबा, मग पावती घेऊन हर्णैच्या पोस्टात जा. शेवटची नोंद मोठ्या केंद्रातली असेल आणि पाच दिवस उलटले असतील, तर पोस्टात जाऊन उपयोग नाही, थेट तक्रार करा (प्रश्न १८). क्रमांक टाकताना एकूण १३ खुणा आहेत ना ते मोजा: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. शून्याच्या जागी ‘ओ’ टाकण्याची चूक फार होते.

७. पावसाळ्यात किती उशीर गृहीत धरावा?

जून ते सप्टेंबर नेहमीच्या हिशेबात दोन दिवस जास्त धरा. इशाऱ्याचा पाऊस असेल तर चार. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. परशुराम घाटात दरड आली, कोकण रेल्वेच्या मार्गावर माती आली की थैल्या वरच अडकतात. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड पडून रेल्वे बंद पडली होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, आणि त्याआधी ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. अशा वेळी औषधं, परीक्षेचे कागद टपालावर सोडू नयेत. येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवावेत.

गणपतीचे आठ-दहा दिवसही पावसाळ्यासारखेच धरा. महामार्ग गाड्यांनी भरलेला असतो.

८. पाकीट भिजून आलं, पत्ता पुसला होता. पाठवताना काय काळजी घ्यावी?

जेल पेन आणि शाईपेन वापरू नका. दमट हवेत जेलची शाई थेंबाभर पाण्याने पसरते आणि पिनचा ३ हा ८ दिसू लागतो. साधं बॉलपेन टिकतं. कागद आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग पाकिटात. पाकिटाचा डिंक खाऱ्या दमट हवेत सुटतो म्हणून कडेला चिकटपट्टी लावा, पण बारकोडच्या स्टिकरवरून ती नेऊ नका. चकाकीमुळे यंत्राला तो वाचता येत नाही. आत एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते पुन्हा लिहून ठेवा. बाहेरचा पत्ता गेला तरी उघडून पाहणाऱ्याला वाट सापडते.

९. रजिस्टर पोस्ट बंद झाली म्हणतात. मग सहीनिशी कागद कसा पाठवायचा?

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवली गेली. सोय गेलेली नाही, नाव गेलं आहे. खिडकीवर ‘स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह’ असं स्पष्ट सांगा. त्यासाठी नगामागे ५ रुपये आणि जीएसटी वेगळा लागतो. रजिस्ट्रेशन असेल तर पाकीट ज्याच्या नावाचं त्यालाच किंवा त्याने लेखी नेमलेल्या माणसालाच मिळतं. नसेल तर पत्त्यावरच्या माणसाला दिलं जातं. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरानुसार ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेर कुठेही ४७ रुपये, अधिक जीएसटी. पोचपावती हवी असेल तर तीही वेगळी मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

१०. आम्ही मुंबईत, गावचं घर वर्षातले दहा महिने बंद. टपालाचं काय होतं?

पोस्टमन येतो, कुलूप पाहतो, सूचना टाकतो आणि पाकीट पोस्टात ठेवतो. साधारण सात दिवस ते तिथे राहतं, मग पाठवणाऱ्याकडे परत जातं. कोकणातलं परत जाणारं टपाल पाहिलं तर मोठा वाटा अशाच बंद घरांचा. त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली: हर्णैच्या सब-पोस्टमास्तरांच्या नावे अर्ज देऊन टपाल मुंबईच्या पत्त्यावर वळवायला सांगा. दोन्ही पत्ते, कधीपासून कधीपर्यंत, घरातल्या सगळ्यांची नावं आणि प्रत्येक मोठ्या माणसाची सही हवी. एकाच्या सहीवर सगळ्यांचं टपाल वळत नाही.

दुसरी: गावातल्या विश्वासू माणसाला टपाल घेण्याचं लेखी अधिकारपत्र पोस्टात देऊन ठेवा, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्राच्या प्रतींसह.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत शहाणपणाची: बँक, विमा, सातबाऱ्याशी संबंधित अर्ज, सगळीकडे पत्रव्यवहाराचा पत्ता मुंबईचा द्या आणि कायमचा गावचा ठेवा. बहुतेक फॉर्ममध्ये हे दोन रकाने वेगळे असतात. चाकरमानी सवयीने दोन्हीकडे गावच लिहितात. आणि गावच्या पत्त्यावरच येणारं काही मागवायचं असेल तर ते गणपतीत किंवा शिमग्यात, घर उघडं असताना येईल असं बघा.

११. घरात माणसं असताना ‘डोअर लॉक्ड’ कसं काय नोंदवलं?

असं होतं, आणि ते चूक आहे. कधी शेजारचं, त्याच आडनावाचं घर बंद असतं (प्रश्न ५). कधी मागच्या परसात मासळी वाळत घालायला गेलेल्या माणसांना हाक ऐकू येत नाही. कधी बटवडा झालाच नाही आणि दिवस बंद करायला नोंद टाकली गेली. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी पोस्टात जा, पाकीट तिथेच असतं. पुन्हा झालं तर तारीख, वेळ, क्रमांक लिहून लेखी तक्रार द्या. तोंडी भांडणाची कुठे नोंद राहत नाही.

१२. नवरा बोटीवर आहे, चार-पाच दिवस येणार नाही. त्याच्या नावाचं पाकीट मला मिळेल का?

पाकिटावर रजिस्ट्रेशन नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाला मिळतं. असेल तर अधिकारपत्र हवं (प्रश्न १०). पाठवणाऱ्याने ओटीपीचा पर्याय घेतला असेल तर खरी अडचण होते. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो समुद्रात रेंजबाहेर असतो, आणि ओटीपीशिवाय पाकीट मिळत नाही. म्हणून नाखवा-खलाशांच्या घरी पाठवताना ओटीपी घेऊ नका, किंवा नंबर घरातल्या बाईचा द्या. पोस्टात जाऊन बोट कधी येणार ते सांगितलं तर मुदतीत पाकीट धरून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माणसं घरी असतात. सहीची कामं त्या दोन महिन्यांत येतील असे अर्ज करणं सोयीचं.

१३. एटीएम कार्ड आणि पासपोर्ट वळवून घेता येतात का?

पासपोर्ट अर्जदारालाच, ओळखपत्र पाहून दिला जातो. न मिळाल्यास तो पासपोर्ट कार्यालयात परत जातो आणि तिथूनच घ्यावा लागतो. बँकांच्या पाकिटांवर पत्ता बदलून पाठवू नये अशी सूचना छापलेली असते. म्हणून प्रश्न १० मधली वळवण्याची वाट इथे धरू नका. कार्ड शाखेत मागवा आणि स्वतः जाऊन घ्या.

१४. नोटीस उशिरा मिळाली किंवा घेतलीच नाही, तर ती लागू होत नाही ना?

होऊ शकते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ प्रमाणे योग्य पत्त्यावर, रजिस्टर टपालाने पाठवलेली नोटीस मिळाली असं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा मारून परत गेलेली पाकिटंही न्यायालयांनी बजावलेली मानली आहेत, विशेषतः चेक न वटल्याच्या प्रकरणांत. म्हणून पाकीट नाकारू नका. उशिरा मिळालं असेल तर पाकीट फेकू नका. त्यावरचे तारखेचे शिक्के आणि ट्रॅकिंगची छापील प्रत हाच तुमचा पुरावा. लगेच वकिलाकडे जा.

१५. मासिकं, दिवाळी अंक, पुस्तकं इतकी उशिरा का?

साध्या टपालाला ट्रॅकिंग नाही आणि थैलीत जागा कमी पडली की ते मागे राहतं. डिसेंबर २०२४ मध्ये छापील पुस्तकांची जुनी सवलतीची सेवा बंद झाली आणि १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. तिला ट्रॅकिंग आहे, पण ती रस्त्याने-रेल्वेने जाते, म्हणजे वेळ लागतोच. दिवाळी अंक हवे असतील तर नोंदणी करतानाच स्पीड पोस्टचे पैसे भरा.

१६. आखातातून पाठवलेलं पार्सल महिना झाला तरी आलं नाही.

परदेशी टपाल मुंबईत उतरतं आणि सीमाशुल्काच्या तपासणीतून जातं. वस्तूचं वर्णन ‘गिफ्ट’ एवढंच लिहिलं असेल तर तिथेच थांबतं. काय आहे, किती नग, किंमत किती हे पाठवणाऱ्याने नीट लिहावं. शुल्क लागलं तर बटवड्याच्या वेळी भरावं लागतं. तक्रार ज्या देशातून पाठवलं त्या पोस्टात पाठवणाऱ्यानेच आधी करायची.

१७. मुलाखतीचं पत्र तारीख उलटल्यावर आलं. आता काय?

पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, शिक्के वाचता येतील असा. त्याच दिवशी संबंधित कार्यालयाला ईमेल करा, फोटो आणि ट्रॅकिंग जोडा, नवी तारीख मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, मागितल्यावर काही ठिकाणी मिळते. तरुण मुलांनी अर्ज केल्यापासून त्या संस्थेची वेबसाइट आठवड्यातून दोनदा पाहावी. एका उशिरा आलेल्या पाकिटाने एखाद्याचं वर्ष जातं, ही लहान गोष्ट नाही.

१८. तक्रार कुठे करायची? भरपाई मिळते का?

पावतीशिवाय काहीच होत नाही. थर्मल कागदावरची पावती दोन महिन्यांत पांढरी पडते, म्हणून घेतल्याबरोबर फोटो काढा.

आधी टपाल खात्याची वेबसाइट किंवा १८०० २६६ ६८६८ हा निःशुल्क क्रमांक. तक्रार क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही तर रत्नागिरी डाक विभागाच्या अधीक्षकांना लेखी. रत्नागिरी विभाग गोवा क्षेत्रात मोडतो, म्हणून त्यावरचं अपील पणजीच्या पोस्टमास्तर जनरल कार्यालयाकडे जातं, मुंबईला नाही. बरेच अर्ज या एका चुकीने फिरत राहतात. डाक अदालत भरते तेव्हा जुनी, न सुटलेली प्रकरणं तिथे द्या. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवरही तक्रार घेतली जाते.

भरपाईबद्दल खोटी आशा ठेवू नका. स्पीड पोस्ट मानकापेक्षा उशिरा पोचलं तर भरलेलं टपालशुल्क परत मिळू शकतं. हरवलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी ते. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यातही नियमांत सांगितलेल्या जबाबदारीपलीकडे खात्यावर दायित्व नाही. आत किमती वस्तू असेल तर पाठवतानाच विमा उतरवा.

१९. चुकीच्या पत्त्यावर टाकलं हे लक्षात आलं. वाटेत थांबवता येतं का?

पाठवणाऱ्याला येतं, बटवडा व्हायच्या आत. ज्या पोस्टात टाकलं तिथे पावती आणि ओळखपत्र घेऊन जा, परत मागण्याचा किंवा पत्ता बदलण्याचा अर्ज द्या, शुल्क भरा. पाकीट दापोलीच्या पुढे गेलं असेल तर अर्जाबरोबर हर्णैच्या पोस्टात फोनही करा, नाहीतर अर्ज पोचेपर्यंत बटवडा होऊन जातो.